छिद्रं लहान, ऑपरेशन मोठं!

"वजन कमी करण्याचं ऑपरेशन" असं म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. पहिली, "म्हणजे चरबी काढतात ना?" आणि दुसरी, "दुर्बिणीतून करतात ना, मग काय, दोन टाके आणि घरी!" मित्रांनो, दोन्ही चूक. चरबी शोषून काढणं म्हणजे लायपोसक्शन, तो वेगळा प्रकार आहे आणि तो वजन कमी करण्याचा इलाज नाही. आणि दुसऱ्या प्रतिक्रियेसाठी तर हा अख्खा लेख लिहायला घेतलाय.

मी मेडिकलचा विद्यार्थी नाही, इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण कोपरखैरण्याला राहणाऱ्या माझ्या सख्ख्या मावशीचं हे ऑपरेशन नवी मुंबईतल्याच एका हॉस्पिटलमध्ये झालं. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ११८ किलो. स्टेशनचा जिना चढताना तीनदा थांबायची. शुगर होतीच, पण खरी भीती वेगळी होती. झोपेत तिचा श्वास मध्येच थांबायचा, आणि काका रात्ररात्र शेजारी जागे बसायचे. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवल्यावर घरात दोन पार्ट्या पडल्या. काका म्हणायचे, "दुर्बिणीचंच आहे, करून टाकू." आजी म्हणायची, "चांगल्या पोटाला कात्री कशाला?" मावशीने मला बोलावून सांगितलं, "तू इंजिनिअर होणार ना? मग मशीनसारखं समजाव मला. आत काय काय करणार ते कळल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही."

झालं! सबमिशन बाजूला ठेवून मी वाचायला बसलो, सर्जन मॅडमना प्रश्न विचारून हैराण केलं, आणि लक्षात आलं की यात आपल्या सिलॅबसमधलं निम्मं इंजिनिअरिंग आहे.

सुरुवात जागेपासून. आपल्या पोटात 'पोकळी' असते असं आपण म्हणतो, पण पोकळी अशी नसतेच. आतडी, यकृत, जठर सगळं एकमेकांना चिकटून, सकाळच्या पनवेल लोकलसारखं. त्यात दुर्बीण घालून काय दिसणार? म्हणून आधी पोटात गॅस भरून जागा तयार करतात. ही कल्पना १९०१ सालची. गेओर्ग केलिंग नावाच्या जर्मन डॉक्टरने कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरून आत नळीतून पाहिलं होतं. आज हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात आणि त्याची कारणं साधी आहेत. आत विजेच्या उपकरणांनी रक्तवाहिन्या बंद करायच्या असतात, म्हणून पेट घेणारा किंवा ज्वलनाला मदत करणारा वायू नको. शिवाय हा वायू रक्तात चटकन विरघळतो आणि फुप्फुसांवाटे बाहेर जातो. भूल देणारे डॉक्टर त्यासाठी व्हेंटिलेटरचा वेग थोडा वाढवतात, एवढंच.

दाब किती ठेवायचा? साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. १५ मिलिमीटर म्हणजे सुमारे २००० पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या फक्त दोन टक्के. फुसका वाटतो ना? आता हिशोब करा. पोटाचा ३० बाय ३० सेंटिमीटरचा भाग धरला तर क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर. बल झालं १८० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १८ किलो वजन उचलण्याइतकं. मावशीसारख्या पेशंटच्या पोटाची भिंतच जाड आणि जड, ती याच बलावर तंबूसारखी उभी राहते. दाब वाढवून चालत नाही, कारण तो वरच्या बाजूला फुप्फुसांखालच्या पडद्यावर येतो आणि मोठ्या शिरांमधून हृदयाकडे परतणारं रक्त अडवतो. म्हणून गॅस सोडणारं यंत्र सतत दाब मोजत, गळती झाली की भर घालत, एका बारीक पट्ट्यात दाब टिकवून ठेवतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या व्हायवाला सर 'क्लोज्ड लूपचं उदाहरण दे' म्हणाले तर गिझर सोडून हे सांगा, दोन मार्क जास्त पडतील!

हे आपोआप दाब सांभाळणारं यंत्र लोकांपुढे आणणारा माणूस म्हणजे कील शहरातला स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम. डॉक्टर होण्याआधी तो टूलमेकरचं काम शिकला होता, म्हणजे आपल्याच वर्कशॉपचा म्हणायचा. १९८० साली त्याने दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तेव्हा कौतुक राहिलं बाजूला, 'याला निलंबित करा' अशी पत्रं गेली. १९८५ मध्ये एरिख म्यूहे या दुसऱ्या जर्मन सर्जनने दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याचीही तीच गत, सर्जन मंडळींनी त्याला झिडकारलं. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये लिऑनला फिलिप मूरेने तेच केलं आणि मग मात्र सगळीकडे लाट आली.

आपल्याकडे ही लाट फार उशिरा आली असं वाटत असेल तर थांबा. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ३१ मे १९९० रोजी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. सरकारी हॉस्पिटलमध्ये, बरं का! त्याआधी १९७२ पासूनच ते निदानासाठी पोटात दुर्बीण घालून पाहत होते. मोठ्या तपासण्या परवडत नाहीत अशा पेशंटला पोटाचा टीबी आहे की कॅन्सर, हे लहानशा छिद्रातून डोळ्यांनी पाहून ठरवणं स्वस्त पडतं, हा त्यामागचा विचार. पुढे त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण मिळालं. २०२३ मध्ये ते गेले.

आता दिसण्याचा भाग. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, फूटभर लांब नळीतून स्पष्ट चित्र बाहेर आणायचं. जुन्या दुर्बिणीत लांब हवेच्या जागेत छोटी छोटी भिंगं बसवलेली असत. चित्र अंधुक यायचं. इंग्लंडमधल्या हॅरॉल्ड हॉपकिन्सने हे सरळ उलटं केलं. नळीत काचेचे लांब दांडे बसवले आणि मधल्या हवेच्या फटींनाच भिंगांचं काम दिलं. प्रकाश बहुतेक वेळ काचेतून जातो, दांडे नळीत घट्ट बसतात म्हणून जागाही कमी वाया जाते, आणि प्रकाश कितीतरी पटीने जास्त पोचतो. मला या लेखातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. याच हॉपकिन्सकडे इम्पीरियल कॉलेजमध्ये पीएच.डी. करत होता पंजाबातल्या मोग्याचा नरिंदरसिंग कपानी. दोघांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखवली. आज पोटात जो थंड प्रकाश जातो तो अशाच काचतंतूंच्या केबलमधून. दिवा बाहेर, उजेड आत. पूर्वी दिवा आतच असायचा आणि भाजायची भीती असायची.

कॅमेऱ्याची चिप लहान होईपर्यंत सर्जन एका डोळ्याने नळीला डोळा लावून ऑपरेशन करायचा. मदतनिसाला काही दिसायचंच नाही, तो मदत काय करणार? चित्र टीव्हीच्या पडद्यावर आलं तेव्हा सगळ्यांना एकच दिसू लागलं आणि दोन-तीन माणसांचं मोठं ऑपरेशन शक्य झालं.

हातांचं काय? पोटाच्या भिंतीत पाच-सहा ठिकाणी ५ ते १२ मिलिमीटरच्या नळ्या बसवतात, त्यांना पोर्ट म्हणतात. त्यातून लांब दांड्याची हत्यारं आत जातात. पोर्ट म्हणजे टेकू, हत्यार म्हणजे तरफ. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. दांडा ३० सेंटिमीटर आत आणि १५ बाहेर असेल तर हात १ सेंटिमीटर हलला की टोक २ सेंटिमीटर हलतं, तेही उलट दिशेला. हत्यार आत-बाहेर, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे आणि स्वतःभोवती, एवढ्या चारच प्रकारे हलतं. मनगट आत नाहीच. जाड माणसात त्यात भर अशी की भिंत जाड असल्याने दांडा वाकवायला जोर लागतो, आणि हातातला निम्मा जोर भिंतीशीच झुंजण्यात जातो. म्हणून पोर्ट पहिल्यापासूनच जठराच्या दिशेने तिरके घालतात आणि हत्यारंही नेहमीपेक्षा लांब घेतात. सर्जन मॅडम म्हणाल्या, "पहिली काही वर्षं ऑपरेशन झाल्यावर माझे खांदे पेशंटपेक्षा जास्त दुखायचे." २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दा विंची रोबोने हे हरवलेलं मनगट आत परत आणलं. किंमत मात्र विचारू नका.

एवढा खटाटोप कशासाठी, पोट उघडून सरळ का करत नाहीत? वजनदार माणसासाठीच तर कीहोलचा फायदा सर्वांत जास्त आहे. जाड चरबीतून लांब चीर दिली तर जखम चिघळते, पुढे त्या जागी हर्निया होतो. पोटाच्या वरच्या भागात मोठी जखम असली की पेशंट दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि न्यूमोनिया होतो. उठत नाही म्हणून पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यातली एखादी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. छोट्या छिद्रांनंतर मावशीला त्याच संध्याकाळी नर्सने उठवून कॉरिडॉरमध्ये चालवलं. तिची तक्रार एकच होती, "ऑपरेशन पोटाचं आणि खांदा का दुखतोय?" कारण मजेशीर आहे. उरलेला गॅस फुप्फुसांखालच्या पडद्याला डिवचतो, त्या पडद्याची नस मानेतून येते, आणि मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. वायरिंगचा घोळ, दुसरं काय! दोन दिवसांत गॅस जिरला, खांदा थांबला.

आता मुख्य काम. तिच्यावर झालं ते 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी', मराठीत बाही म्हणा. जठराच्या मोठ्या पिशवीचा तीनचतुर्थांशाहून थोडा जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. पण त्याआधी एक अडथळा असतो, यकृत. जठराच्या वरच्या भागावर यकृताचा डावा भाग पसरलेला असतो आणि अशा पेशंटमध्ये ते चरबीने फुगलेलं असतं. म्हणून ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे अगदी कमी कॅलरीचा, भरपूर प्रोटीनचा आहार देतात. यकृतातला साठा आणि पाणी कमी होऊन ते आक्रसतं, मऊ होतं, उचलायला सोपं जातं. मावशीचे हे दोन आठवडे नेमके गणपतीत आले. घरात उकडीचे मोदक आणि ही बाई प्रोटीन पावडर ढवळत बसलेली! पण एकही मोदक खाल्ला नाही.

कापायची रेघ सरळ यावी आणि नळी फार अरुंद होऊ नये म्हणून तोंडावाटे जठरात एक मापाची नळी घालतात. तिचं माप 'फ्रेंच'मध्ये, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. ३६ फ्रेंच म्हणजे १२ मिलिमीटर. ती झाली आपली जिग. जठराच्या शेवटच्या झडपेपासून ४ ते ६ सेंटिमीटर सोडून स्टेपलर लावायला सुरुवात करतात.

हा स्टेपलर म्हणजे कमाल आहे. एका दाबात टायटॅनियमच्या पिनांच्या सहा ओळी बसतात, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला, आणि मधून पातं कापत जातं. म्हणजे कापण्याआधीच दोन्ही कडा शिवलेल्या. पिन बंद झाल्यावर इंग्रजी 'बी' अक्षरासारखी होते. कडा धरून राहावी, पण तिच्या पोटातून रक्त वाहत राहून ती जिवंतही राहावी, म्हणून हा आकार. जठराची भिंत खाली जाड, वर पातळ. म्हणून पिनांच्या कार्ट्रिजची उंची वेगवेगळी आणि ओळखायला रंग वेगळे. एका प्रचलित कंपनीच्या हिरव्या कार्ट्रिजची पिन बंद झाल्यावर २ मिलिमीटर, निळ्याची १.५. जाड भिंतीला छोटी पिन लावली तर ती बंदच होणार नाही, पातळ भिंतीला मोठी लावली तर रक्त आणि रस गळेल. शिवाय जबडा मिटल्यावर लगेच फायर करत नाहीत, काही सेकंद थांबतात. दाबाखाली भिंतीतलं पाणी हळूहळू सरकून ती पातळ होते, मग पिना बसतात. मटेरियल्सच्या लेक्चरला 'क्रीप'च्या वेळी झोपा काढणाऱ्यांनी नोंद घ्यावी. (पहिला सर्जिकल स्टेपलर १९०८ मध्ये हंगेरीच्या ह्यूमेर ह्युल्टलने वापरला, त्याचं वजन साडेतीन किलोच्या आसपास होतं!)

शेवटी गळतीची चाचणी. काही जण निळं द्रव भरून पाहतात, काही जण जठर पाण्यात बुडवून आत हवा भरतात आणि बुडबुडे येतात का ते बघतात. म्हणजे सायकलवाल्याने पंक्चर शोधायला ट्यूब घमेल्यात बुडवावी तसंच. मावशीला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. कापलेलं जठर मग एका पोर्टच्या छिद्रातून ओढून बाहेर काढतात. ते लवचीक असतं, निघतं.

आणि इथेच काकांना उत्तर होतं. बाहेरून दिसतात ती पाच-सहा छोटी छिद्रं, पण आतली शिवण वीतभराहून जास्त लांब असते. ऑपरेशन तेवढंच आहे जेवढं पोट उघडून केलं असतं. शंभरातल्या एक-दोघांमध्ये ही शिवण कुठेतरी गळते, बहुतेक वेळा वरच्या टोकाला, आणि मग ताप, नाडीचे वाढलेले ठोके, पुन्हा ऑपरेशन, काही आठवडे हॉस्पिटल. अनुभवी ठिकाणी जीव जाण्याचा धोका हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनइतका. कमी आहे, शून्य नाही. मी मावशीला हे आकडे तसेच सांगितले. काका माझ्यावर चिडले. मावशीने मात्र दोन दिवस विचार केला आणि सही केली. म्हणाली, "रात्री श्वास थांबतो त्याचा धोका कोण मोजतंय?"

दुसरा जुना प्रकार बायपास. अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये तो पोट उघडून सुरू केला आणि १९९३ मध्ये विटग्रोव्ह व क्लार्क यांनी तो दुर्बिणीतून केला. यात जठराची ३० मिलिलिटरच्या आसपासची पिशवी करून तिला लहान आतडं जोडतात, बाकीचं जठर आतच राहतं. दोन ठिकाणी जोड असल्याने काम जास्त किचकट.

आपल्याकडे या ऑपरेशनची चर्चा घराघरांत झाली ती २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ते करून घेतल्यावर, आणि नंतर २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणल्यावर. तिचं वजन ५०० किलोच्या आसपास सांगितलं जात होतं. तिला पलंगासकट क्रेनने हलवावं लागलं. तिच्यावरही मार्चमध्ये दुर्बिणीतून स्लीव्हच केलं. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं, तिथे सप्टेंबरमध्ये ती गेली. तिला इतर अनेक गंभीर आजार होते. टीव्हीने तिच्या येण्याचा जेवढा गाजावाजा केला तेवढी जाण्याची दखल घेतली नाही, असं मला वाटतं.

जठर लहान झालं म्हणून कमी जेवण जातं, हे अर्धंच उत्तर. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचं भूक वाढवणारं हार्मोन शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुग्यात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचल्याने पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स वाढतात. म्हणून अनेकांची शुगर वजन उतरण्याआधीच उतरायला लागते. पुण्यातल्या डॉ. शशांक शहा आणि डॉ. जयश्री तोडकर यांच्या गटाने २०१० मध्ये बायपास केलेल्या १५ डायबेटिक पेशंटचा अभ्यास छापला. सगळ्यांचा बीएमआय ३५ पेक्षा कमी होता, आणि तीन महिन्यांत सगळ्यांची डायबेटिसची औषधं थांबली होती. पंधराच माणसं, हे खरं. पण प्रश्न नुसता वजनकाट्याचा नाही, हे त्यातून दिसतं.

बीएमआयवरून आठवलं. वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, मावशीचा ४९. पण आपण भारतीय या सूत्राला फसवतो. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो आला. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी लठ्ठपणाची रेघ २५ वर आणि ऑपरेशनचा विचार करण्याची रेघ २७.५ वर आणली आहे. हॉस्टेलमधल्या काडी पैलवानांनीही कंबरेला टेप लावून बघावी.

ऑपरेशननंतर काय? पहिले दोन आठवडे पातळ, मग मऊ, मग साधं जेवण, घोटघोट आणि घासघास. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन. बी-१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी यांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभर. जन्मभर म्हणजे जन्मभर, वजन उतरल्यावर त्या सोडणारे पुढे अशक्तपणा आणि हातापायाला मुंग्या घेऊन परत येतात. आणि सतत चरत राहिलं तर वजनही परत येतं. आता २०२५ पासून टिरझेपटाइड, सेमाग्लुटाइडची वजनाची इंजेक्शनं भारतातही मिळतात. अनेकांना त्यांनी पुरेसा फायदा होईल. मात्र ती बंद केल्यावर बऱ्याच जणांचं वजन पुन्हा चढतं. मावशीला आठ महिने झाले. वजन ८४, शुगरची एक गोळी उरली आहे, आणि झोपेची तपासणी पुन्हा केल्यावर डॉक्टरांनी रात्रीचं श्वासाचं मशीन बंद केलं. काका आता झोपतात. तेच घोरतात, असं मावशी म्हणते.

स्टाफसाठी एक कामाची गोष्ट. खर्च काही लाखांत जातो आणि पूर्वी बहुतेक पॉलिसी हे ऑपरेशन सरळ नाकारायच्या. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनंतर डॉक्टरांचा सल्ला असेल, वय १८ किंवा जास्त असेल, आणि बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त असून सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ डायबेटिस असेल, आणि इतर उपाय करून झाले असतील, तर ते सरसकट वगळता येत नाही. त्यामुळे आधी केलेल्या डाएटच्या चिठ्ठ्या, तारखेसह वजनाच्या नोंदी आणि झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट फेकू नका, फाईलला लावून ठेवा. वेटिंग पीरियड मात्र आपापल्या पॉलिसीत बघावा लागेल.